ती ९४ षटकं कोणी टाकली?

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या वायलेनगरमधल्या युनियन क्रिकेट अकॅडमीच्या मैदानावर प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, हे कल्याण-डोंबिवलीतल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ आहे. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला, समोरच्या संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले आणि सामना एक डाव १३८२ धावांनी संपला. या सगळ्या आकड्यांत एक आकडा सहसा कोणाच्या तोंडी येत नाही. तो डाव ९४ षटकं चालला. म्हणजे ५६४ चेंडू, वाइड आणि नो-बॉल वेगळेच. तेही सोळा वर्षांखालच्या मुलांनीच टाकले. त्यातल्या कोणी आदल्या आठवड्यात नेटमध्ये किती टाकले होते आणि त्यानंतरच्या रविवारी पुन्हा किती टाकले, हे कुठेही लिहिलेलं सापडणार नाही, कारण तसं लिहायची आपल्याकडे रीतच नाही. फलंदाजाच्या धावा लिहिल्या जातात, गोलंदाजाचे बळी लिहिले जातात. त्या बळींसाठी त्याच्या पाठीने आणि खांद्याने किती काम केलं, ते कोणी लिहीत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्यांच्या घरी सीझन बॉलने वेगात गोलंदाजी करणारा मुलगा किंवा मुलगी आहे आणि ज्यांच्या मनात ‘पुढे याचंच करिअर होईल का’ असा प्रश्न घोळतो आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या करिअरचं भांडवल चेंडूंच्या संख्येत मोजलं जातं, ती मोजणी वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू व्हायला हवी आणि ती घरच्यांनीच करायला हवी, कारण दुसऱ्या कोणालाही ती करता येण्याजोगी नाही.

हे शिकायचं तर आपल्या मैदानापासून थोडं लांब जावं लागतं. वेगात चेंडू फेकून पोट भरणाऱ्या माणसाच्या शरीराचा सर्वांत जुना आणि सर्वांत बारकाईचा हिशेब क्रिकेटने नाही, अमेरिकेच्या बेसबॉलने ठेवला आहे. तिथला पिचर म्हणजे आपला वेगवान गोलंदाजच; फरक इतकाच की तो कोपर वाकवून फेकतो आणि धावत येत नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा टॉमी जॉन हा डावखुरा पिचर १९७४ मध्ये कोपरातला अस्थिबंध तुटून बसला. तोवर अशी दुखापत म्हणजे निवृत्तीच. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला एक स्नायुबंध काढून कोपरात ओवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्याने शस्त्रक्रियेनंतर मिळवले. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. या यशाचा एक वाईट परिणामही झाला. कोपर दुरुस्त होतं म्हटल्यावर ते जपण्याची निकड कमी झाली आणि बघता बघता शाळकरी मुलंही त्याच टेबलावर येऊ लागली. मग तिथल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी मोजायला घेतलं. नऊ ते चौदा वर्षांच्या ४८१ पिचरांचा दहा वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभराहून अधिक डाव पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापत होण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. मुलांच्या लिटल लीगने त्याआधीच, २००७ पासून, डावांऐवजी थेट चेंडू मोजायला सुरुवात केली होती. २०१४ मध्ये मेजर लीगने आणि अमेरिकेच्या बेसबॉल संघटनेने मिळून वयानुसार तक्ताच काढला: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवशी जास्तीत जास्त ९५ चेंडू फेकायचे, आणि ६६ च्या वर गेला तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. तक्ता महत्त्वाचा आहेच, पण त्यामागचा विचार त्याहून महत्त्वाचा. थकलेल्या मुलाला ‘दमलास का’ असं विचारून उपयोग नसतो, कारण तो ‘नाही’च म्हणणार. म्हणून प्रश्न न विचारता आकडा बघायचा.

क्रिकेटमध्ये हात सरळ ठेवायचा असतो, १५ अंशांपलीकडे कोपर उलगडलं तर चेंडू बेकायदा, त्यामुळे कोपर बऱ्यापैकी वाचतं. पण ओझं नाहीसं होत नाही, ते खाली सरकतं. धावत येऊन पुढचा पाय दणकन टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब टाच, गुडघा आणि कंबर यांतून वर जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी कणा मागे वाकलेला, एका बाजूला झुकलेला आणि पिळलेला असतो. कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधला हाडाचा एक बारीक पूल हा दाब सोसतो. पुन्हा पुन्हा सोसून त्याला केसासारखी चीर पडते, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. हेच ते स्ट्रेस फ्रॅक्चर. कंबरेच्या मणक्यांची हाडं पूर्ण पक्की व्हायला विशी ओलांडावी लागते. वेग मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षीच येतो. इंजिन आधी आणि चौकट नंतर, अशी ही अडचण आहे. पॅट कमिन्सचं उदाहरण याच्याइतकं स्वच्छ दुसरं नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला त्याने कसोटी पदार्पण केलं, दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी घेतले आणि सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली पाच वर्षं आणि चार महिने मुख्यतः पाठीनेच खाल्ली. जगातली उत्तम वैद्यकीय सोय हाताशी असूनही. डेनिस लिलीची पाठ १९७३ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यात अशीच गेली होती आणि त्याने शैली बदलून स्वतःला पुन्हा उभं केलं. १९८७ मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं तेव्हा भारतीय मुलांना शिकवायला त्यालाच आणलं, यामागे मला नुसत्या नावाचा दबदबा दिसत नाही. मोडून सावरलेल्या माणसाला कुठे मोडतं ते कळतं.

आता आपल्या मुलाचा आठवडा बघा. समजा तो चौदा वर्षांचा आहे आणि डोंबिवलीला राहतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार क्रीडा संकुलात नेट. सर म्हणतात ‘टाकत राहा’, आणि फलंदाज बदलत राहतात, गोलंदाज तेच असतात. साठ चेंडू सहज होतात. तीन दिवसांचे १८०. शनिवारी शाळेचा सामना, त्यात दहा षटकं, म्हणजे ६०. रविवारी वाड्यातल्या किंवा सोसायटीच्या संघाकडून टेनिस बॉलची स्पर्धा, दोन सामन्यांत दोन-दोन षटकं, २४. बेरीज २६४, आणि सामन्यापूर्वीचे सरावाचे चेंडू धरलेलेच नाहीत. सातपैकी पाच दिवस गोलंदाजी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षं वापरलेलं कोष्टक याच्याशेजारी ठेवा: चौदा-पंधरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजाने एका हप्त्यात, म्हणजे एका स्पेलमध्ये, सहा षटकं, दिवसात बारा, नेटमध्ये एका वेळी ३६ चेंडू आणि तेही आठवड्यातून दोनदा, सात दिवसांत जास्तीत जास्त चार दिवस गोलंदाजी आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. तेरा वर्षांखालच्याला पाच आणि दहा षटकं, सोळा-सतरा वर्षांच्याला सात आणि अठरा. आपल्या मुलाचा शनिवारचा सामना या चौकटीत बसतो. रविवारची स्पर्धाही बसते. घोटाळा नेटमध्ये आहे आणि बेरजेत आहे. अकॅडमीच्या सरांना शाळेचा सामना दिसत नाही, शाळेच्या क्रीडाशिक्षकांना टेनिसची स्पर्धा ठाऊक नसते, आणि स्पर्धेच्या कप्तानाला तर फक्त शेवटच्या षटकात कोण यॉर्कर टाकणार एवढंच हवं असतं. प्रत्येक जण आपापल्या जागी वाजवीच मागतो. तिन्ही ठिकाणचं एकत्र दिसतं ते फक्त घरी. म्हणून दुधाचा हिशेब जसा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहितात, तसा त्या दिवशीच्या चौकोनात चेंडूंचा आकडा लिहायचा. नेट, सामना, टेनिस, टर्फ, सगळं धरून. आठवड्याच्या शेवटी बेरीज. खर्च एका पेनचा आहे.

या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक ओझं धरायला हवं, ते म्हणजे लोकल. ठाणे जिल्ह्यातली मुलं मुंबईच्या संघाकडून खेळतात. म्हणजे जाइल्स शील्ड, हॅरिस शील्ड, कांगा लीग, निवड चाचण्या हे सगळं आझाद मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, वांद्रे-कुर्ला संकुल अशा ठिकाणी. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर ५४ किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटेच्या गाडीला लगेजच्या डब्यात किट बॅग पायात धरून तासभर उभं राहायचं, दिवसभर क्षेत्ररक्षण करायचं, पंधरा षटकं टाकायची आणि संध्याकाळच्या गर्दीत तीच बॅग खांद्याला लावून परत. शार्दूल ठाकूर पालघरहून असा प्रवास करत असे (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला). त्याची गोष्ट सांगताना आपण पहाटेच्या गाडीचं कौतुक करतो. त्याच गोष्टीतला उपयोगाचा भाग मात्र दुसराच आहे: प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणलं आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. जाणत्या प्रशिक्षकाने आधी प्रवास कापला. प्रत्येकाला असे सर मिळणार नाहीत हे उघड आहे. पण सामन्याच्या आदल्या रात्री दादरला मावशीकडे राहणं, दोन मुलांच्या पालकांनी मिळून एक जड किट मैदानाजवळच्या क्लबात ठेवायची सोय करणं, गोलंदाजाला फलंदाजाइतकं सामान न देणं, एवढं जमतं. आणि परतीचा दीड तास उभ्याने काढला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी नेट नाही, हा नियम घरात ठरवता येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कपिल देवने कधी चेंडू मोजले? १३१ कसोटी खेळला आणि दुखापतीमुळे एकही चुकवली नाही. खरं आहे. पण कपिल आपल्याला माहीत आहे तो टिकला म्हणून. त्याच्याच वयाचे, त्याच्याइतकेच वेगवान आणि एकोणिसाव्या वर्षी कंबर धरून बसलेले किती जण चंदीगडपासून ठाण्यापर्यंत होते, याची यादी कोणी केलेली नाही. टिकलेल्यांकडे बघून नियम काढला तर तो टिकलेल्यांपुरताच खरा असतो. दुसरं म्हणजे, कपिलच्या शाळकरी वयात गोलंदाजी करायला ऊन लागत असे. आज घोडबंदर रोडवर रात्री अकरा वाजता दिव्यांच्या उजेडात टर्फवर सामने चालू असतात, पावसाळ्यातही. शरीराला सुट्टी देण्याचं काम पूर्वी अंधार आणि पाऊस करत होते. आता ते कोणीतरी ठरवून करावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो चांगले प्रशिक्षकच घेतात. ते म्हणतात, गोलंदाज गोलंदाजी करूनच घडतो. जपून जपून त्याला काचेचा कराल, मग चार दिवसांच्या सामन्यात तो तिसऱ्या हप्त्याला बसेल. यात तथ्य आहे. फार कमी टाकणाराही मोडतो, कारण त्याची हाडं आणि स्नायू तयारच झालेले नसतात. पण मोजणी म्हणजे कमी टाकणं नव्हे. खरा धोका असतो तो अचानक उडी मारण्यात, आणि आपल्याकडे ही उडी वर्षाच्या रचनेतच बसवलेली आहे. दहावीच्या मुलाचं जानेवारीपासून खेळणं बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, तीन महिने हात फिरवलेला नसताना, तो उन्हाळी शिबिरात दाखल होतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ टाकायला लागतो, तेही सिमेंटच्या विकेटवर, साध्या बुटांनी. आई-वडिलांना वाटतं, आता सुट्टी आहे, खेळू दे. पाठदुखी मे महिन्यात सुरू होते आणि दोष उन्हाला किंवा पाणी कमी प्यायल्याला दिला जातो. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात. कांगा लीग खेळणारे सोडले तर बाकीचे बसून असतात आणि ऑक्टोबरमध्ये तीच उडी पुन्हा. यावर उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. परीक्षेच्या काळातही आठवड्यातून दोनदा वीस-चोवीस चेंडू, अर्ध्या धावेवरून. शिबिराच्या पहिल्या आठवड्यात दिवसाआड चोवीस, मग तीस, मग छत्तीस. पूर्ण वेग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. हे कालनिर्णयावर आधीच पेन्सिलने लिहून ठेवलं, तर शिबिरातल्या सरांशी बोलणं वादाचं न होता नियोजनाचं होतं. कुठल्याही अकॅडमीत पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: माझ्या मुलाने आज किती चेंडू टाकले, हे तुमच्याकडे कोण लिहितं?

तिसरा आक्षेप पालकांचा स्वतःचा असतो. निवड चाचणीत वेगच दिसतो, आता मागे राहिला तर संधी गेली. सोळा वर्षांखालच्या संघात नाव आलं नाही की घरात सुतक पडतं. इथे कल्याणच्या तुषार देशपांडेची कारकीर्द तारखांसकट वाचावी. शिवाजी पार्क जिमखान्याच्या चाचणीत फलंदाजांची रांग फार लांब दिसली म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, हा किस्सा त्याने मुलाखतींत सांगितलेला आहे. जन्म मे १९९५. रणजी पदार्पण ऑक्टोबर २०१६, वय २१. आयपीएलमध्ये २०२० साली दिल्लीकडून पहिला सामना, वय २५. चेन्नईने २० लाखांत घेतलं. २०२२ मध्ये जेमतेम दोन सामने मिळाले आणि २०२३ मध्ये त्याच संघाकडून २१ बळी. भारताकडून पहिला सामना १३ जुलै २०२४ ला हरारेला, वय २९. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी साडेसहा कोटी मोजले. शार्दूलचा पहिला कसोटी सामना ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला, आणि त्यात तो फक्त दहा चेंडू टाकून जांघेच्या दुखापतीने बाहेर गेला. पुढची कसोटी मिळाली जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला. त्यात सात बळी आणि ६७ धावा. वर्षभराने जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी. हे दोघेही घड्याळाच्या मानाने उशिरा आले असं म्हणता येईल, पण वेगवान गोलंदाजाचं घड्याळच तसं चालतं. पंचविशी ते बत्तिशी ही कमाईची वर्षं. तिथे पोचायचं तर पंधराव्या वर्षीच्या चाचणीत पाठ पणाला लावणं हा सरळ तोट्याचा सौदा आहे. (जाता जाता: फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात तुषारने १२३ धावा केल्या आणि तनुष कोटियनसोबत शेवटच्या जोडीसाठी २३२ जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक केल्याचं त्याआधीचं उदाहरण चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांचं, १९४६ मधलं. गोलंदाजाने नेटमध्ये बॅटिंगही करावी. ज्या दिवशी चेंडू पुरे झाले त्या दिवशी तरी नक्की.)

मोजणीने सगळं सुटतं असा दावा मात्र मी करणार नाही, कारण पुरावा तसं सांगत नाही. वॉशिंग्टन नॅशनल्सचा स्टीफन स्ट्रासबर्ग याची २०१० मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये संघ जेतेपदाच्या शर्यतीत असताना व्यवस्थापनाने त्याला सप्टेंबरमध्येच बसवलं, वर्षाचा कोटा संपला म्हणून. संघ बाद फेरीत हरला आणि त्या निर्णयावर आजही तिथे भांडणं होतात. २०१९ मध्ये तोच स्ट्रासबर्ग वर्ल्ड सीरिजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्यानंतर दुखापतींमुळे तो जेमतेम आठ सामने खेळून २०२४ मध्ये निवृत्त झाला. मोजणीने त्याला सात वर्षं दिली की काहीच दिलं नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या मते दिली. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात मुख्य बोट ठेवलं ते प्रत्येक चेंडू पूर्ण जोर लावून टाकण्याच्या हव्यासावर. चेंडू कमी झाले, पण प्रत्येक चेंडूमागचं बळ वाढलं. ठाण्याला हे लागू पडतं. इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग मार्च २०२४ मध्ये दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सुरू झाली. टेनिस बॉल, दहा षटकांचे सामने, मोठ्या रकमा. गल्लीत खेळणाऱ्या मुलाला त्यात भविष्य दिसलं तर त्यात चूक काही नाही, आणि टेनिस क्रिकेटला कमी लेखण्याचंही कारण नाही. पण दोन षटकांच्या त्या बारा चेंडूंत एकही सैल नसतो. शिवाय टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्या आतबाहेर, सीझनचा १५६ ते १६३. हलक्या चेंडूला वेग द्यायला हात झटकावा लागतो, कोपर वाकतं आणि ती सवय सीझन बॉलला आली की पंच नो-बॉल देतात. म्हणून कालनिर्णयावर आकड्याशेजारी एक खूण करा: पूर्ण जोराचे किती. नेटमधले निम्मे चेंडू तीन-चतुर्थांश वेगाने, टप्पा आणि शिवणीवर लक्ष ठेवून टाकायला हरकत नसते. चांगले सर हे सांगतातच.

दुखण्याबद्दल थोडं थेट बोलायला हवं. कंबरेत एका बाजूला, बोटाने दाखवता येईल असं दुखणं. मागे वाकल्यावर वाढणारं. गोलंदाजीत येणारं आणि दोन दिवस विश्रांती घेतली की जाणारं: ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर ‘चमक भरली असेल’ म्हणून मलम, मालिश आणि पट्ट्यावर वेळ काढू नका. विश्रांतीने जातं म्हणूनच ते फसवतं. गोलंदाजी त्या दिवशी थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. साध्या एक्स-रेत ही चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये लवकर कळते. लवकर कळली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड भरून येतं. वर्षभर लपवली तर दोन्ही बाजूंना होऊ शकते आणि मग प्रश्न क्रिकेटचा राहत नाही, आयुष्यभर जड उचलण्याचा होतो. मुलं लपवतात, संघातली जागा जाईल म्हणून. कालनिर्णयावर आकड्याखाली ‘दुखलं’ किंवा ‘नाही’ एवढं लिहायची सवय लहानपणीच लागली, तर सांगण्यात कमीपणा राहत नाही.

काही घरांत प्रश्न थेट बेसबॉलचाच असतो, कारण शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत आणि महाराष्ट्रात ते खेळणाऱ्या शाळाही आहेत. तिथे पिचर म्हणून पोट भरता येईल का? भारतातून तसं झालेलं ठळक उदाहरण रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोघांचं. दोघेही भालाफेकपटू. २००८ मधल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. पटेलला दोन वर्षांनी सोडलं. रिंकू खालच्या श्रेणींमध्ये टिकला, मग दुखापतींनी गाठलं आणि २०१८ मध्ये तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. अलीकडे दुबईकेंद्री एका लीगने ‘मुंबई कोब्रा’ नावाचा संघ काढला आहे, पण त्यावर घर चालवण्याचा बेत आज तरी करू नये. शाळेत जरूर खेळावं. मात्र एक ध्यानात ठेवावं: जो मुलगा क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज आहे आणि बेसबॉलमध्ये पिचरही आहे, त्याचे दोन्हीकडचे चेंडू एकाच खांद्यातून जातात. बेरीज एकच.

राहिला पैशाचा हिशेब. ‘करिअर’ म्हणताना डोळ्यांपुढे साडेसहा कोटी येतात, पण पायरी खालून बघावी. बीसीसीआयने २०२१ मध्ये ठरवलेल्या दरानुसार वीसपर्यंत रणजी सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार रुपये मिळतात, एकोणीस वर्षांखालच्याला २० हजार. साखळीतले सातही सामने अंतिम अकरात खेळला, तर रणजीचे वर्षाला ११ लाख २० हजार. मुंबई क्रिकेट असोसिएशनने आपल्या रणजीपटूंना तेवढीच भर स्वतःकडून द्यायचं ठरवलं, म्हणजे दुप्पट. चांगली रक्कम आहे, पण ती मिळणारे वेगवान गोलंदाज एका वेळी पाच-सहा असतात आणि दुखापत झालेल्या हंगामात सामन्याचा पैसा थांबतो. मुलींसाठी २०२३ पासून महिला प्रीमियर लीग आल्याने दार उघडलं आहे. वेगवान गोलंदाज तिथे कमी आहेत, म्हणून संधी तुलनेने बरी. या दोन्ही वाटांच्या शेजारून तिसरी वाट चालू ठेवायची असते ती शिक्षणाची आणि नोकरीची. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि बँका क्रीडा कोट्यातून भरती करतात, कंपन्यांचे संघ टाइम्स शील्ड खेळतात. या सगळ्यांना प्रमाणपत्रं लागतात, मूळ, तारखेसह आणि योग्य स्तरावरच्या स्पर्धेची. सामना संपल्याच्या आठवड्यात ती मिळवून फायलीत लावा. चार वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात. जन्मदाखल्यातलं वय खरं ठेवा, कारण सोळा वर्षांखालच्या गटात मंडळ मनगटाच्या हाडावरून वय तपासतं आणि ज्याचा दाखला खोटा निघतो तो मुलगा दोन वर्षं बाहेर बसतो. आणि बारावीनंतर कॉलेज निवडताना मैदान बघा, पण घरापासूनचं अंतरही बघा. कल्याणच्या मुलाने चर्चगेटच्या कॉलेजात नाव घातलं, सकाळची तासिका, दुपारची नेट आणि रात्रीची गाडी असा दिवस झाला, तर त्या वर्षी त्याच्या चेंडूंचा आकडा कोष्टकापेक्षा एक पायरी खालचा धरावा लागेल. तो अठरा वर्षांचा असला तरी सोळा वर्षांच्या रकान्याहून थोडा कमीच.